पडद्यावरचे आकाश आणि हातातली पेन्सिल

दुर्बीण म्हटली की तिला डोळा लावायचा असतो, ही गोष्ट आपण शाळेपासून गृहीत धरून चालत आलो. आता ती तशी राहिलेली नाही. गेल्या काही वर्षांत बाजारात अशा दुर्बिणी आल्या आहेत की त्यांना डोळा लावायला जागाच नाही. डब्याएवढे यंत्र गच्चीवर ठेवायचे, मोबाइलवर एखाद्या तेजोमेघाचे नाव निवडायचे, की ते आपले आपण आकाशात फिरून नेमके तिथे थांबते आणि थोड्याच वेळात समोरच्या पडद्यावर चित्र उमटू लागते. फ्रान्समधल्या युनिस्टेलर कंपनीने या प्रकाराला सुरुवात करून दिली. २०२३ साली सीस्टार नावाची छोटी दुर्बीण आली आणि ही चैन चांगल्या स्मार्टफोनच्या किमतीच्या घरात येऊन बसली. तसे पाहिले तर कल्पना जुनीच. त्याच्या कितीतरी आधीपासून हौशी मंडळी राखणीसाठी बनवलेले, कमी उजेडात पाहणारे व्हिडिओ कॅमेरे दुर्बिणीला जोडून शेजारच्या टीव्हीवर आकाश पाहत होती.

या नव्या सोयीबरोबर एक जुना छंद पुन्हा डोके वर काढतो आहे, तो म्हणजे आकाशाची चित्रे हाताने काढण्याचा. पडद्यावर तेजोमेघ हळूहळू उमलत असतो आणि शेजारी बसलेला माणूस काळ्या कागदावर पांढऱ्या पेन्सिलीने तो उतरवत असतो. हे पाहून दोन प्रकारची माणसे हसतात. जुन्या वळणाचे आकाशनिरीक्षक म्हणतात, ही लबाडी आहे. डोळ्याने दिसले ते काढा, कॅमेऱ्याने दाखवलेले कसले काढता? आणि नव्या वळणाची मुले म्हणतात, हा वेडेपणा आहे; चित्र समोर तयार असताना ते पुन्हा हाताने कशाला काढायचे?

मला दोघांचेही म्हणणे पटत नाही. बँकेत तीस-बत्तीस वर्षे खतावण्या सांभाळून आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहून निवृत्त झालेल्या माणसाला आकाशातले काय कळते, असे कोणी विचारील. पण प्रश्न नुसता आकाशाचा नाही. यंत्राने काम हाती घेतल्यावर माणसाने काय करायचे, हा तो प्रश्न आहे आणि तो माझ्या पिढीने खुर्चीत बसून अनुभवलेला आहे.

आधी कॅमेरा काय करतो ते समजून घेऊ. आपला डोळा म्हणजे चालू खाते. आलेला प्रकाश लगेच खर्ची पडतो; सेकंदाच्या एका लहानशा भागात आले तेवढेच दिसते, मागची शिल्लक नाही. कॅमेरा म्हणजे आवर्ती ठेव. तो दहा-दहा सेकंदांचे हप्ते भरत जातो आणि यंत्रातला संगणक ते हप्ते एकावर एक ठेवत जातो. यातली गंमत अशी, की शंभर चित्रे एकावर एक ठेवली तर खरा प्रकाश शंभरपट होतो, पण चित्रातली खरखर वाढते ती फक्त दहापट. कारण खरा प्रकाश प्रत्येक वेळी त्याच जागी पडतो, खरखर मात्र इकडेतिकडे भरकटते. म्हणून पहिल्या मिनिटाला पडद्यावर नुसते धुके दिसते, पाचव्या मिनिटाला त्याला आकार येतो आणि विसाव्या मिनिटाला त्यातले पदर मोजता येतात.

डोळ्याची गोष्ट वेगळी. त्याला अंधाराची सवय व्हायलाच वीस-तीस मिनिटे लागतात आणि एखादी मोटार दिवे लावून गेली की ती सगळी कमाई क्षणात बुडते. अंधारात त्याला रंगही जवळजवळ दिसत नाहीत. त्यातून वय! विशीतल्या माणसाची बाहुली अंधारात साधारण सात मिलिमीटर उघडते, साठीतल्याची पाचच्या आसपास. म्हणजे माझ्या नातवाच्या तुलनेत माझ्या डोळ्यात निम्माच प्रकाश शिरतो. मोतीबिंदूचा हिशेब त्यात धरलेला नाही. पण डोळ्याची एक करामत कॅमेऱ्याला अजून सहजी साधलेली नाही. मृगातल्या तेजोमेघाच्या गाभ्यातले चार लखलखीत तारे आणि कडेचे विरत गेलेले पंख डोळा एकाच वेळी सांभाळतो. कॅमेरा कडा दाखवायला गेला की गाभा जळून पांढरा होतो. गाभा जपायला गेला की कडा बुडतात. मग संगणकात त्याची मनधरणी करावी लागते.

गेल्या मार्गशीर्षात अमावास्येच्या आसपास आम्ही काही मंडळी दौलताबादच्या पुढे एका ओळखीच्या शेतावर जमलो होतो. एक सहा इंची साधी दुर्बीण, एक हे नवे कॅमेऱ्याचे यंत्र, सात-आठ मुले आणि आम्ही चार-पाच निवृत्त. मुलांना आधी स्टीलची वाटी उपडी ठेवून कागदावर वर्तुळ काढायला लावले. ते दुर्बिणीतले दृष्टिक्षेत्र. मग प्रत्येकाने दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ पाहायचा आणि काढायचा. त्यानंतर पडद्यावर तोच तेजोमेघ पाहायचा आणि दुसऱ्या वर्तुळात पुन्हा काढायचा. आमच्या कॉलनीतल्या एक निवृत्त शिक्षिका बाई बरोबर होत्या. दुर्बिणीत डोळा घालून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला नुसतं धुकं दिसतंय हो. पूर्वी मुलांना शिकवत होते तेव्हा पंख दिसायचे." नंतर पडद्यासमोर खुर्ची टाकून त्यांनी पाऊण तास चित्र काढले. उठल्या आणि पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. "आता दिसतोय," म्हणाल्या, "डावा पंख दिसतोय. कुठे बघायचं ते हाताला कळलं ना!"

त्याच रात्री सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, "आजोबा, रंग कुठला देऊ? टीव्हीवर लाल आहे आणि दुर्बिणीत राखाडी." मी म्हटले, "दोन्ही खरे आहेत. दोन चित्रे काढ आणि खाली लिही, कोणते कशातून पाहिले." मुलीने लगेच पुढचा प्रश्न टाकला, "मग खरा रंग कुठला?" त्यावर आम्ही चार म्हातारे शेकोटीपाशी तासभर बोलत बसलो. तो लाल रंग तिथल्या हायड्रोजन वायूचा, तो तिथे आहेच. पण तिथे जाऊन उभे राहिले तरी आपल्या डोळ्याला तो तसा भडक दिसणार नाही. सातवीतल्या मुलीला असा प्रश्न पडणे, हे मला त्या रात्रीचे खरे उत्पन्न वाटले. नुसता पडदा पाहिला असता तर तो पडला नसता, नुसती दुर्बीण पाहिली असती तरी पडला नसता. दोन्ही पाहिले आणि हातात रंग घेऊन बसावे लागले, म्हणून पडला.

आता 'आयत्या चित्राची नक्कल' या आक्षेपाकडे वळू. नक्कल या शब्दाला आपल्या जिल्ह्यात तरी कोणी नाक मुरडू नये. १८४४ साली मद्रास सेनेतला रॉबर्ट गिल नावाचा अधिकारी अजिंठ्याला आला तो लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला. त्याने वर्षानुवर्षे अंधाऱ्या लेण्यांत बसून मोठमोठी तैलचित्रे केली, ती लंडनला गेली आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२पासून आपले विद्यार्थी घेऊन येत राहिले. पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार त्यांत होते. तेरा वर्षे हे काम चालले आणि त्यांतल्याही कितीतरी नकला १८८५ साली लंडनच्याच साऊथ केन्सिंग्टनमधल्या आगीत गेल्या. पुढे १९०९च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्याबरोबर कलकत्त्याहून तरुण नंदलाल बोस आले, हैदराबादहून सय्यद अहमद आले.

या सगळ्या काळात कॅमेरा नव्हता असे नाही. खुद्द गिलनेच पुढे कॅमेरा हाती घेतला आणि १८६४ साली त्याच्या छायाचित्रांची पुस्तके निघाली. मग नंदलाल बोसांना अजिंठ्याला जाऊन भिंतीवरची रेषा पुन्हा काढण्याची काय गरज होती? चित्र तर भिंतीवर तयार होते. पण ते जे घेऊन परतले ते कागदावर नव्हते, मनगटात होते. भारतीय चित्रकलेचा पुढचा बराच प्रवास त्या मनगटाने केला. नक्कल जळू शकते, नक्कल करताना तयार झालेला डोळा जळत नाही. पडद्यावरचा तेजोमेघ काढणाऱ्या मुलाला हसण्यापूर्वी अजिंठ्याची ही गोष्ट आठवावी. शंभर किलोमीटरवर तर आहे.

याहून नवलाची एक हकिकत आहे. १९६५च्या जुलैत अमेरिकेचे मरिनर-४ हे यान मंगळाजवळून गेले. दुसऱ्या ग्रहाची जवळून घेतलेली छायाचित्रे प्रथमच पृथ्वीवर येणार होती. एकेक चित्र म्हणजे दोनशे ओळी, दर ओळीत दोनशे ठिपके. आणि एक चित्र यायला आठ तासांहून अधिक वेळ. यानावरच्या ध्वनिफीत यंत्रासारख्या उपकरणाने आपले काम नीट केले की नाही, ही अभियंत्यांना धास्ती. संगणकातून रीतसर छायाचित्र तयार होईपर्यंत त्यांना धीर निघेना. मग त्यांनी काय करावे? येणारे आकडे कागदाच्या पट्ट्यांवर छापून घेतले, त्या पट्ट्या भिंतीला शेजारी शेजारी टाचल्या, चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानातून रंगीत खडू आणले आणि आकड्याप्रमाणे रंग ठरवून हातांनी भरायला बसले. मोठा आकडा म्हणजे एक रंग, लहान आकडा म्हणजे दुसरा. यानाने टिपलेले मंगळाचे पहिले दृश्य जगात सर्वांत आधी उमटले ते खडूने! ते चित्र पुढे चौकट करून त्या प्रयोगशाळेत जपून ठेवले गेले. कॅमेऱ्याच्या मदतीने आकाश रेखाटणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी अवकाशयुगाच्या उंबरठ्यावर बसलेल्या या अभियंत्यांकडे पाहावे.

अर्थात हाताने काढलेले सगळे खरे, असा माझा दावा नाही. उलट हाताने किती मोठी फसगत केली, याचा दाखलाही मंगळाचाच आहे. १८७७ साली इटलीतल्या शियापारेली यांनी मंगळाच्या नकाशावर काही रेषा काढल्या. अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल यांनी त्या रेषांचे कालवे केले, कालव्यांमागे बुद्धिमान प्राणी उभे केले आणि पुस्तकांमागून पुस्तके लिहिली. ते काही खोटारडे गृहस्थ नव्हते. त्यांना त्या रेषा दिसत होत्या. १९०३ साली इंग्लंडमधले वॉल्टर माँडर यांनी एक साधा प्रयोग केला. ग्रिनिचच्या एका शाळेत मुलांसमोर एक गोल चकती ठेवली. तिच्यावर ठिपके होते, डाग होते, पण कालवे नव्हते. मुलांना म्हटले, दिसते तसे काढा. पुढच्या बाकांवरच्या मुलांनी ठिपके काढले. बऱ्याच अंतरावर बसलेल्या कितीतरी मुलांनी चक्क सरळ रेषा काढल्या. न दिसणारे ठिपके डोळा परस्पर जोडून टाकतो, हे शाळकरी पोरांनी सिद्ध केले. आणि मरिनर-४ने पाठवलेल्या चित्रांत कालव्यांचा मागमूस नव्हता. होती ती विवरे.

उलट बाजूचा दाखलाही द्यायला हवा. १८४५ साली आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी आपल्या सहा फुटी आरशाच्या अजस्र दुर्बिणीतून एक धूसर ठिपका पाहिला आणि कागदावर भोवऱ्यासारखी वळणे काढली. दीर्घिकांना सर्पिल आकार असतो हे माणसाला प्रथम कळले ते या चित्रामुळे. मृगातल्या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र हेन्री ड्रेपर यांनी घेतले ते १८८० साली, म्हणजे रॉस यांच्यानंतर पस्तीस वर्षांनी; त्याच्यासाठी ५१ मिनिटे काच उघडी ठेवावी लागली. पुढे छायाचित्रांनी रॉस यांच्या भोवऱ्यावर शिक्कामोर्तब केले आणि लॉवेल यांचे कालवे पुसून टाकले. तात्पर्य, हात आणि कॅमेरा यांचे नाते खातेदार आणि तपासनिसाचे आहे. नोंद हाताने करावी, तपासणी कॅमेऱ्याने करावी. आणि कधीमधी तपासनिसालाही प्रश्न विचारावेत.

हे नाते आपल्या मुलखाने फार जवळून पाहिले आहे. २२ जानेवारी १८९८ला खग्रास सूर्यग्रहण झाले आणि त्याचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातले कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणे घेऊन उतरले. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे ते प्रमुख होते आणि देशात तेव्हा मोठी समजली जाणारी वीस इंची दुर्बीण त्यांच्या ताब्यात होती. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्बेलही जेऊरलाच आले. विजयदुर्गाच्या किल्ल्यावर नॉर्मन लॉकियर यांनी तळ ठोकला आणि मदतीला आलेल्या युद्धनौकेवरच्या नौसैनिकांना त्यांनी सूर्याच्या किरीटाची चित्रे काढायला बसवले. वऱ्हाडात तळणीला तेच वॉल्टर माँडर आणि त्यांची पत्नी ॲनी माँडर होत्या. ॲनीबाईंनी स्वतःच्या छोट्या कॅमेऱ्याने किरीटातला एक लांबलचक झोत टिपला. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. त्या दोन मिनिटांत कोणी काच उघडून बसले होते, कोणी पेन्सिल धरून. कोणी कोणाला हसले नाही, कारण सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती: जे घडले त्याची शक्य तितकी खरी नोंद.

पुण्याची ती वेधशाळा १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाल्यावर बंद पडली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. आमच्या बाजूला तेव्हा निजामाचे राज्य होते. १९०१ साली नवाब जफर जंग यांनी हैदराबादजवळ उभारलेली निजामिया वेधशाळा १९०८ साली सरकारकडे आली आणि संपूर्ण आकाशाचा छायाचित्र नकाशा करण्याच्या जागतिक प्रकल्पात सामील झाली. पॅरिसमध्ये १८८७ साली ठरलेल्या त्या कामात जगातल्या निरनिराळ्या वेधशाळांनी आकाश वाटून घेतले होते आणि एक वाटा आपल्या संस्थानाकडे होता. काचेच्या तबकड्यांवर तारे कॅमेऱ्याने उतरवले, हे खरे. पण त्यानंतर एकेका ताऱ्याची जागा माणसांनी सूक्ष्मदर्शकातून पाहून मोजली आणि वहीत लिहिली. असे लाखो तारे! कॅमेऱ्याने ढीग घातला, निवडणे-टिपणे माणसालाच करावे लागले. हैदराबाद संस्थानातल्या त्या अज्ञात मोजणीदारांबद्दल मला, एक जुना कारकून म्हणून, फार आपुलकी वाटते.

आणि म्हणूनच आता बँकेची गोष्ट सांगतो. १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि बँकांत संगणक येणार हे ठरले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते खरोखरच आले. त्याआधी दररोज संध्याकाळी आम्ही हाताने बेरजा करत असू. रोजकीर्द जुळली नाही तर सहा पैशांसाठी रात्रीचे नऊ वाजत. यंत्र आल्यावर बेरीज आपोआप होऊ लागली आणि कोणीही त्याबद्दल अश्रू ढाळले नाहीत, मीही नाही. पण एक गोष्ट लक्षात राहिली. ज्यांनी हाताने बेरजा केल्या होत्या, त्यांना पडद्यावरचा चुकीचा आकडा नुसत्या नजरेने खुपायचा. "ही रक्कम एवढी असणं शक्य नाही" असे ते म्हणत आणि बहुतेक वेळा व्हाउचर काढून पाहिले की तसेच निघे. जे थेट पडद्यापासून शिकले, ते हुशार होते, झपाट्याचे होते. पण पडद्याने सांगितलेले त्यांना अंतिम वाटे. यंत्र वापरणाऱ्याच्या हाताला ते काम एकदा तरी यंत्राविना येऊन गेलेले असावे, एवढाच धडा मी त्यातून घेतला. आकाशाचे चित्र काढणे हा त्याच जातीचा सराव आहे.

आज त्याची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे. २०२३ साली एका हौशी माणसाने चंद्राचे चित्र मुद्दाम पुसट केले, संगणकाच्या पडद्यावर लावले आणि दूर उभे राहून एका नामांकित फोनने त्याचा फोटो काढला. फोटोत विवरे आणि डाग स्पष्ट उमटले, जे समोरच्या चित्रात नव्हतेच! फोनला चंद्र कसा दिसतो हे आधीच पढवून ठेवले होते. त्याने आपल्या पदरचे घालून चित्र पूर्ण केले. लॉवेल यांच्या डोळ्याने जे केले तेच हे, फक्त आता कारखान्यात. आणि आता तर नुसते शब्द सांगितले की यंत्र न पाहिलेला तेजोमेघही रंगवून देते. अशा दिवसांत "हे मी अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक ठिकाणाहून, अमुक यंत्रातून पाहिले आणि माझ्या हाताने काढले" अशी खाली सही असलेला कागद ही फार मोलाची चीज आहे. ते व्हाउचर आहे. त्यातली रेषा वेडीवाकडी असेल, पण तिच्यामागे उभा राहणारा माणूस आहे.

म्हणून 'लबाडी' म्हणणाऱ्या जुन्या निरीक्षकांशी माझा एका अटीवर समेट होऊ शकतो. पडद्यावरून काढलेल्या चित्राखाली 'पडद्यावरून' असे स्पष्ट लिहावे. किती मिनिटे प्रकाश साठवला तेही लिहावे. डोळ्याचे चित्र आणि पडद्याचे चित्र एकाच खात्यात मिसळू नये. लबाडी पडद्यात नसते, नोंद दडवण्यात असते.

मात्र या यंत्राबद्दल माझ्या मनात एक मोठी भीती आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. हे कॅमेरे शहराच्या उजेडातूनही तेजोमेघ खेचून काढतात. सिडकोतल्या गच्चीवरून, खाली हॅलोजनचे झोत चालू असताना, पडद्यावर सुंदर चित्र दिसते. उद्या लोक म्हणतील, मग अंधाराची गरजच काय? आकाश तर मोबाइलवर दिसतेच आहे. हे म्हणजे फिल्टर घरोघरी आले म्हणून नदी घाण झाली तरी चालेल, असे म्हणण्यासारखे आहे. २०१६ साली जगाच्या रात्रीच्या उजेडाचा जो नकाशा प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे जगातल्या तिसरा हिस्सा माणसांना आपल्या घरून आकाशगंगा दिसत नाही. आमच्या लहानपणी औरंगपुऱ्यात गच्चीवर गादी टाकली की ती दिसायची. तिच्याखाली झोपलेल्या मुलांना ते काही विशेष वाटत नसे. आज त्याच शहरात, आता छत्रपती संभाजीनगर म्हणवणाऱ्या गावात, सप्तर्षींचे सातही तारे एका दमात दाखवायला जागा शोधावी लागते.

हे अटळ आहे असे मला वाटत नाही. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४च्या जानेवारीत 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतातले ते पहिलेच. तिथे काही जादू केलेली नाही. दिव्यांना टोपी घालून उजेड जमिनीकडे वळवायचा, इतकी साधी बाब त्यात मुख्य आहे. आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. तिला केंद्राची अंतिम मंजुरी २०२३ साली मिळाली. लोणारचे, उल्केच्या आघाताने झालेले सरोवर दीडशे किलोमीटरच्या आत आहे. वेरूळ, म्हैसमाळ, गौताळा हा पट्टा अजून बऱ्यापैकी काळोख राखून आहे. विश्वाची कंपने मोजणारी वेधशाळा ज्या मराठवाड्यात येते, तिथल्या मुलांनी डोळ्याने आकाशगंगा पाहिलेली नसावी, हे काही शोभणारे नाही.

मग करायचे काय? मला तीन गोष्टी सुचतात आणि तिन्ही स्वस्त आहेत. पहिली शाळांसाठी. आपल्या मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा माहीत आहेत. त्यांत वस्तुचित्र असते, स्मरणचित्र असते. त्याच्या सरावासाठी वर्षातून चार रात्री आकाशाचे चित्र काढायला लावावे: एकदा चंद्रकोर, एकदा कृत्तिका, एकदा मृग, एकदा वृश्चिक. कृत्तिकांना दुर्बीणही लागत नाही. कॅमेऱ्याचे एक यंत्र चार-पाच शाळांत मिळून घेता येईल. पुण्यात १९४४पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. आयुकाच्या आवारात पु. ल. देशपांड्यांच्या देणगीतून उभी राहिलेली आणि 'पुलस्त्य' हे सप्तर्षींतल्या ताऱ्याचे नाव मिरवणारी मुलांची विज्ञान शोधिका आहे. अशा मार्गदर्शनाची आपल्याकडे अगदीच वानवा आहे असेही नाही. एमजीएमच्या आवारातले अंतराळ विज्ञान केंद्र शहरातच आहे.

दुसरी गोष्ट महापालिकेसाठी आणि आपल्या सोसायट्यांसाठी. नवे दिवे लावताना उजेड खाली पडेल असे लावावेत. वर गेलेला उजेड कोणाच्याच उपयोगाचा नसतो. त्याचे बिल मात्र येते. खर्चाचा हिशेब पाहणाऱ्या माणसाला हा मुद्दा तरी पटायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट माझ्या वयाच्या वाचकांसाठी. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत म्हणून आकाश आपले संपले, असे समजू नका. पडद्याची मदत घ्या, त्यात कमीपणा नाही. चष्मा घेताना कुठे कमीपणा वाटला होता? पण हात बांधून नुसते पाहत बसू नका. चित्र चांगले येईल की नाही ही काळजी सोडा. ते प्रदर्शनात लावायचे नाही. वाटी उपडी ठेवा, वर्तुळ काढा, आधी ठळक तारे जागच्या जागी मांडा, मग कागदाच्या कांडीने धूसर भाग हलके पसरवा. अर्ध्या तासात तुम्हाला तो तेजोमेघ असा ओळखीचा होईल, की पुढच्या वेळी नुसत्या डोळ्याने व्याधाच्या वर पाहताना तो धुरकट ठिपका आपोआप सापडेल.

आणि शेजारी नातवंड बसले असेल तर त्यालाही एक कागद द्या. त्याने विचारले, की चित्र पडद्यावर आहेच, मग काढायचे कशाला, तर वाद घालू नका. त्याला एवढेच सांगा, की आधी डावीकडचा पंख किती लांब आहे ते काढून दाखव. तो पडद्याकडे पाहील, कागदाकडे पाहील, पुन्हा पडद्याकडे पाहील. पुढचे काम त्याचा डोळा करील.